बी की जमीन? : धापेच्या विकाराविषयीच्या एका वादाचा इतिहास



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया, तह आणि राजघराण्यांच्या वंशावळी उभ्या राहतात. माझ्या आजच्या विषयात यांपैकी काही नाही. एक लढाई आहे खरी. पण ती झाली डॉक्टरांमध्ये, आणि ती ज्यासाठी झाली तो माणसाचा श्वास. अशा लढायांच्या बखरी कोणी लिहीत नाही. तरीही त्यांच्या निकालावर लाखो माणसांचे बरेवाईट अवलंबून असते, म्हणून वसंतातली एक संध्याकाळ या विषयाला द्यावी असे मला वाटले.

प्रश्न साधा आहे. एकाच गिरणीत तीस वर्षे राबलेले, एकाच चाळीत राहिलेले आणि रोज सारख्याच विड्या ओढलेले दोन कामगार घ्या. साठीला आल्यावर त्यांतला एक गप्पा मारीत तिसरा मजला गाठतो. दुसरा पहिल्याच मजल्यावर कठड्याला धरून उभा राहतो; त्याची छाती वाजते, बोलताना वाक्य तुटते, आणि पहाटेच्या खोकल्याने साऱ्या बिऱ्हाडाची झोप मोडते. डॉक्टर या दुसऱ्याच्या दुखण्याला दीर्घकालीन अवरोधी फुप्फुसविकार म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याचे 'सीओपीडी' हे नाव आता आपल्याकडेही रूढ झाले आहे. फुप्फुसातून हवा बाहेर पडण्याची वाट अरुंद होते आणि औषधाने ती पूर्ववत मोकळी होत नाही, हे या विकाराचे मुख्य लक्षण. धूर दोघांनीही सारखाच गिळला. मग छाती एकाचीच का गेली?

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर रोगाचे रोप उगवायला बी लागते आणि जमीनही लागते. बी बाहेरून येते : तंबाखूचा धूर, धूळ, शहराची काजळी. जमीन म्हणजे ज्याच्या छातीत ते पडते त्याची प्रकृती. काही माणसांचे शरीर निरुपद्रवी वस्तूंवरही चवताळून उठते. परागकण, मांजराचे केस, घरातली धूळ यांनी त्यांना शिंका येतात, अंगावर गांधी उठतात, दम लागतो. या वृत्तीला आपण ॲलर्जी म्हणतो. सीओपीडीच्या रुग्णांपैकी काहींच्या अंगी हीच वृत्ती दबा धरून बसलेली असते काय, आणि असल्यास रोगात तिचा वाटा किती? या प्रश्नावर १९६० नंतर हॉलंड आणि इंग्लंड या शेजारी देशांतल्या वैद्यकांचे दोन पक्ष पडले. त्या वादाची ही कथा आहे.

पण तिचे मूळ फार मागे जाते. आपल्या चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतल्या 'तमक श्वासा'चे वर्णन वाचताना आजच्या दमेकऱ्याला आपलेच वर्णन वाचतो आहोत असे वाटेल. त्याच ग्रंथाने श्वासरोगाच्या कारणांत धूळ आणि धूर यांची नावे घेतली आहेत, आणि तमक हा 'याप्य', म्हणजे समूळ न जाणारा पण उपचारांनी ताब्यात ठेवता येणारा, असे ठरविले आहे. बाहेरचे कारण आणि आतला दोष अशी दोन्ही अंगे तेथे शेजारी शेजारी नांदतात. त्यांत भांडण लागायला अजून पुष्कळ शतके जायची होती.

इंग्लंडात १६९८ मध्ये सर जॉन फ्लॉयर या वैद्याने दम्यावर एक ग्रंथ लिहिला. तो स्वतः दमेकरी. धाप लागून निकामी झालेल्या एका घोडीचे त्याने शवविच्छेदन केले, तेव्हा तिची फुप्फुसे हवेने फुगून राहिलेली त्याला दिसली. फुगलेल्या फुप्फुसाची, म्हणजे वातस्फीतीची, जी जुनी वर्णने आहेत त्यांत या घोडीची गणना होते. हे जनावर आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याचे काम पडणार आहे. त्यानंतर पॅरिसच्या लॅनेकने १८१६ मध्ये छाती ऐकण्याची नळी शोधली आणि १८१९ च्या आपल्या ग्रंथात माणसाच्या फुप्फुसातील वातस्फीतीचे सविस्तर वर्णन केले. १८४६ मध्ये लंडनच्या हचिन्सनने श्वास मोजण्याचे यंत्र सिद्ध केले. छाती ऐकण्याची आणि मोजण्याची सोय अशी झाली.

दुसरीकडे जमिनीचा शोध चालू होता. १८१९ मध्येच लंडनच्या जॉन बॉस्टॉकने दर उन्हाळ्यात आपल्याला होणाऱ्या शिंका, डोळ्यांची चुरचुर आणि छातीचा कोंडमारा यांची हकीकत वैद्यकीय सभेपुढे वाचली. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीला हाच त्रास होता. त्याने हाताची कातडी खरवडून तीवर परागकण चोळले, पतंगाला चिकट काचा बांधून उंचावरच्या हवेतले पराग पकडले, आणि या दुखण्याचे मूळ गवताच्या परागात आहे हे १८७३ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. हेन्री हाइड सॉल्टर या डॉक्टराने १८६० मध्ये दम्यावर जो ग्रंथ लिहिला त्यातही मांजराच्या सहवासाने उठणाऱ्या दम्याची नोंद आहे. हाही स्वतः दमेकरीच. या शास्त्राच्या प्रारंभीची कितीतरी माणसे आपल्याच छातीवर प्रयोग करीत होती, ही गोष्ट मला मोठी हृद्य वाटते.

१९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के याने 'ॲलर्जी' हा शब्द घडविला. ग्रीक धातूंवरून बनविलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'बदललेली प्रतिक्रिया' एवढाच. एखाद्या बाह्य वस्तूशी एकदा गाठ पडली की शरीर पहिल्यासारखे राहत नाही. दुसऱ्या भेटीत ते निराळे वागते. १९२१ मध्ये जर्मनीत प्राउस्निट्झ आणि क्यूस्टनर यांनी एक विलक्षण प्रयोग केला. क्यूस्टनरला मासे सोसत नसत. त्याच्या रक्तातील द्रव प्राउस्निट्झच्या कातडीत टोचला, आणि दुसऱ्या दिवशी तेथेच माशाचा अर्क टोचताच गांधी उठली. ही वृत्ती रक्तातल्या कोणत्या तरी द्रव्यात असते, हे त्यावरून सिद्ध झाले. ते द्रव्य कोणते, हे कळायला १९६६-६७ साल उजाडले. अमेरिकेत इशिझाका पतिपत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहानसन व बेनिख यांनी ते स्वतंत्रपणे ओळखले, आणि १९६८ मध्ये त्याला 'आयजीई' हे नाव मिळाले. म्हणजे आपला वाद सुरू झाला तेव्हा दोन्ही पक्ष ज्या वस्तूविषयी भांडत होते, ती वस्तू अजून कोणी पाहिली नव्हती!

आता इंग्लंडकडे वळू. ५ डिसेंबर १९५२ या दिवशी लंडनवर दाट धुके उतरले. घरोघरच्या कोळशाच्या शेगड्यांचा आणि कारखान्यांचा धूर त्यात अडकून राहिला. पाच दिवस शहराला हातभर अंतरावरचे दिसेना. त्या काळच्या हिशेबाप्रमाणे सुमारे ४,००० माणसे नेहमीच्या मानाने अधिक मेली. पुढच्या संशोधकांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला आहे. मेलेल्यांत छातीच्या जुन्या रुग्णांचा भरणा मोठा होता. त्याच सुमारास, १९५० पासून, डॉल आणि हिल यांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकड्यांनी दाखविण्यास प्रारंभ केला होता. ज्या देशाने असा धूर पाहिला, त्या देशातल्या डॉक्टरांना बियाकडे बोट दाखवावेसे वाटले यात नवल नाही. धुराने श्वासनलिका चिडते, कफ वाढतो, त्यात जंतू शिरतात, आणि वारंवारच्या जंतुदाहाने नलिका कायमची अरुंद होते, अशी त्यांची उपपत्ती होती. दमा हा त्यांच्या लेखी वेगळाच रोग : तो लहानपणी सुरू होतो, ॲलर्जीने होतो, येतो आणि जातो.

येथे नावांच्या घोटाळ्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. धाप लागलेला तोच म्हातारा शिकागोच्या डॉक्टराकडे गेला तर 'वातस्फीती' हे निदान घेऊन परते, आणि लंडनच्या डॉक्टराकडे गेला तर 'जीर्ण श्वासनलिकादाह' हे. रोग दोन की नावे दोन, हे पाहण्यासाठी बरोज आणि फ्लेचर यांनी दोन्ही शहरांतले रुग्ण ताडून पाहिले, आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या लेखात दोन्ही तऱ्हांचे रुग्ण दोन्हीकडे सापडतात असे दाखविले. त्यापूर्वी १९५८ मध्ये लंडनला तज्ज्ञांची एक बैठक भरून व्याख्या ठरल्या होत्या. अवरोध थोड्या काळात कमीअधिक होत असेल तर दमा, कायमचा असेल तर दुसरा रोग, अशी वाटणी झाली. ही वाटणी कामचलाऊ होती आणि तेव्हा ती उपयोगीही पडली. पण कामचलाऊ कुंपणाला पुढे लोक गावाची शीव समजू लागतात, तसेच येथे झाले.

हॉलंडची गोष्ट निराळी. समुद्रसपाटीच्याही खाली गेलेला तो ओलसर देश. ओलीत बुरशी येते, धुळीत किडे होतात. लायडेनच्या स्टॉर्म व्हान लेउवेन याने १९२० नंतरच्या दशकातच स्वच्छ, धूळविरहित हवेची खोली बांधून तीत दमेकऱ्यांना ठेवून पाहिले होते. तेथे पुष्कळांना आराम पडे. पुढे त्याच लायडेनात फोरहोर्स्ट व स्पीक्स्मा यांनी १९६४ ते १९६७ या काळात घरातल्या धुळीतला खरा अपराधी म्हणजे डोळ्यांना न दिसणारा एक सूक्ष्म किडा आहे, हे सिद्ध केले. अशा देशातल्या डॉक्टराची नजर आधी जमिनीकडे जावी, हेही तितकेच स्वाभाविक होते.

उत्तर हॉलंडातील ग्रोनिंगेन या विद्यापीठाच्या गावी १९६० मध्ये श्वासनलिकादाहावर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे प्राध्यापक ओरी आणि त्यांचे सहकारी स्लाउटर, डे व्ह्रीस, टामेलिंग व विटकोप यांनी एक प्रबंध वाचला. १९६१ मध्ये तो परिषदेच्या ग्रंथात छापला गेला. त्याचा रोख सरळ होता. दमा, जीर्ण श्वासनलिकादाह आणि वातस्फीती हे तीन वेगळे रोग मानू नका. ती एकाच झाडाची फळे आहेत. त्या झाडाच्या मुळाशी दोन जन्मजात प्रवृत्ती असतात. एक ॲलर्जीची, दुसरी श्वासनलिकेच्या अतिसंवेदनशीलतेची, म्हणजे जरा काही लागले की आवळून धरण्याची. या दोन प्रवृत्तींवर वय, लिंग, जंतू, धूर आणि हवा यांचे संस्कार होतात. कोणाला तरुणपणी दमा म्हणून रोग दिसतो, कोणाला उतारवयात न हटणारी धाप म्हणून. म्हणून रुग्णाला रोगाचे नाव काय हे विचारण्याआधी त्याच्या अंगी काय काय आहे ते मोजा : कातडीवर ॲलर्जीची चाचणी करा, रक्तातल्या व कफातल्या इओसिन पेशी मोजा, हिस्टामिनचे सौम्य तुषार हुंगवून नलिका किती लवकर आवळते ते पाहा. इओसिन नावाच्या रंगाने लाल रंगणाऱ्या या पांढऱ्या पेशी एर्लिखने १८७९ मध्ये दाखविल्या होत्या, आणि ॲलर्जीशी त्यांची जवळीक तेव्हा डॉक्टरांना माहीत होती.

इंग्लंडच्या बाजूला या विचाराचे प्रमुख टीकाकार होते चार्ल्स फ्लेचर. ऑक्सफर्डला १९४१ मध्ये पेनिसिलिनचे पहिलेवहिले प्रयोग झाले तेव्हा रुग्णाला ते औषध टोचणारा तरुण डॉक्टर तो हाच. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १९६२ मध्ये धूम्रपानाच्या दुष्परिणामांवर जो गाजलेला अहवाल काढला, त्या समितीचे चिटणीसही तेच होते. ग्रोनिंगेनच्या या मताला 'डच उपपत्ती' हे नाव १९६९ मध्ये त्यांनीच दिले. नाव देणारा प्रतिपक्षी असावा, ही इतिहासातली काही अपूर्व गोष्ट नव्हे.

जमिनीच्या युक्तिवादाविषयी त्या काळी साशंक राहण्यास एक सबळ कारण होते, ते सांगितले पाहिजे. संख्याशास्त्राचा महापंडित रोनाल्ड फिशर १९५७ पासून असे प्रतिपादीत होता की, सिगारेट आणि कर्करोग यांचा संबंध कार्यकारणाचा नसेलही. ज्याच्या आनुवंशिक प्रकृतीतच कर्करोग आहे त्याच्या त्याच प्रकृतीत धूम्रपानाची ओढही असू शकेल. फिशर तंबाखू कारखानदारांच्या समितीचा सल्लागार होता. 'दोष माणसाच्या प्रकृतीचा' असे म्हटले की धुराचा विक्रेता सुटतो. ओरींनी धूर निर्दोष आहे असे कधीच म्हटले नव्हते, पण त्यांचा सिद्धांत चुकीच्या हातांत पडला तर काय होईल ही भीती अनाठायी नव्हती.

फ्लेचर यांनी वादाचे उत्तर वादाने दिले नाही. ते मोजमापाने दिले. १९६१ पासून आठ वर्षे त्यांनी लंडनच्या ७९२ कामकरी पुरुषांचा श्वास पुनःपुन्हा मोजला. पॅरिसच्या तिफेनोने १९४७ मध्ये सुचविलेले माप त्यासाठी उपयोगी पडले : छाती भरून घ्यायची, जोराने फुंकायचे, आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते पाहायचे. रिचर्ड पेटो यांच्या साहाय्याने १९७६ मध्ये या अभ्यासाचा ग्रंथ निघाला. त्यात इंग्लिश पक्षाचीच एक भिंत कोसळली. कफ पडणे आणि छाती निकामी होणे या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. कफ आणि जंतू यांनी नलिका अरुंद होत जाते हे मत टिकले नाही. दुसरी गोष्ट मात्र भक्कम उभी राहिली. धूम्रपानाने काही माणसांचा श्वास झपाट्याने घटतो, आणि धूम्रपान सोडले की गेलेला श्वास परत मिळाला नाही तरी पुढची घट मंदावते. ज्या कोणाला डॉक्टरने 'विडी सोडा, अजून वेळ गेलेली नाही' असे सांगितले असेल, त्याला तो आधार या ७९२ माणसांनी दिला आहे.

पण या ग्रंथात एक शब्द असा आहे की त्याने ग्रोनिंगेनचा प्रश्न पुन्हा दारात आणून उभा केला. सगळ्याच धूम्रपान करणाऱ्यांचा श्वास झपाट्याने घटत नाही. घटतो तो त्यांतल्या 'प्रवण' माणसांचा, असे लेखकांनी लिहिले. प्रवण म्हणजे कोण? आपल्या चाळीतल्या दोघांपैकी पहिल्या मजल्यावर थांबणारा. तोच प्रवण का, याचे उत्तर लंडनच्या आकड्यांत नव्हते. बियाचा पुरावा गोळा करता करता इंग्लिश पंडित पुन्हा जमिनीपाशीच येऊन पोहोचले.

या प्रवणतेचे एक कारण १९६३ मध्ये स्वीडनच्या लॉरेल आणि एरिकसन यांच्या हाती लागले होते. रक्तातले अल्फा-एक अँटिट्रिप्सिन हे रक्षक प्रथिन ज्यांच्यात जन्मतःच फार कमी असते, त्यांना तरुण वयात वातस्फीती होते. पण असे लोक थोडे. बाकीच्यांचे काय?

उत्तर शोधण्यासाठी डच संशोधकांनीही मोजपट्टी हाती घेतली. व्लाग्टवेडे हा खेड्यांचा मुलूख आणि व्लार्डिंगेन हे रॉटरडॅमजवळचे औद्योगिक शहर, अशा दोन ठिकाणच्या सामान्य नागरिकांची तपासणी १९६५ मध्ये सुरू झाली आणि १९९० पर्यंत चालली. पुढे मृत्यूच्या नोंदींशी ती ताडून २००० मध्ये जो निष्कर्ष निघाला तो असा : तरुण वा मध्यम वयात ज्यांच्या श्वासनलिका हिस्टामिनने लवकर आवळत होत्या, त्यांच्यात पुढे सीओपीडीने मरण येण्याचे प्रमाण अधिक होते, आणि धूम्रपानाचा हिशेब वजा करूनही ते अधिकच राहिले. अमेरिका व कॅनडातील ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांच्या अभ्यासातही, ज्यांच्या नलिका अशा चिडखोर त्यांचा श्वास अधिक वेगाने घटतो, असे १९९६ मध्ये दिसून आले. ओरींच्या दोन प्रवृत्तींपैकी एकीची बाजू अशी बळकट झाली.

दुसरीचे, म्हणजे खुद्द ॲलर्जीचे, प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. अमेरिकेतील टक्सन शहरात बरोज यांनी दीर्घकाळ केलेल्या पाहणीत १९८७ मध्ये असे आढळले की, ज्यांची धाप दम्याच्या वळणाची असते त्यांचे पुढचे आयुष्य धूम्रपानातून आलेल्या वातस्फीतीच्या रुग्णांपेक्षा पुष्कळ बरे जाते. हा पुरावा इंग्लिश पक्षाला अनुकूल. पण याच बरोज यांनी १९८१ मध्ये आणखी एक गोष्ट दाखविली होती : धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात ते ॲलर्जीचे द्रव्य, आयजीई, इतरांपेक्षा अधिक आढळते. म्हणजे बी नुसते जमिनीत पडत नाही. ते जमिनीचा कसही बदलते! दोन पक्षांनी दोन टोके धरून ओढलेली दोरी मध्ये गाठ पडून एकच झाली होती.

आता मी या कथेच्या अशा भागाकडे येतो की जेथे पंडितांच्या वादाची किंमत रुग्णांनी मोजली. डार्बी येथील हॅरी मॉरो ब्राउन या डॉक्टराने १९५८ मध्येच एक साधे काम केले होते. जुनाट दम्याच्या रुग्णांचा कफ त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ज्यांच्या कफात इओसिन पेशी होत्या त्यांना प्रेड्निसोलोन या स्टेरॉइड औषधाने गुण आला. ज्यांच्यात नव्हत्या त्यांना आला नाही. रोगाचे नाव पुसून टाकून पेशी मोजणारी ही दृष्टी होती. ती पुष्कळ वर्षे अडगळीत पडली. दम्याच्या औषधांच्या चाचण्यांतून धूम्रपान करणारे वगळले जाऊ लागले आणि सीओपीडीच्या चाचण्यांतून दम्याचा इतिहास असलेले. हेतू चांगला होता, नमुना निर्भेळ असावा एवढाच. पण ज्याला लहानपणी दमा होता, ज्याने पुढे वीस वर्षे सिगारेट ओढली आणि ज्याला आता कायमची धाप आहे, तो माणूस कोणत्याच चाचणीत बसेना. दवाखान्यात अशी माणसे रोज येत होती. पुराव्याच्या वहीत मात्र त्यांचे पान कोरे होते.

या कोऱ्या पानाचा धोका काय ते सांगतो. दमा असलेल्याला स्टेरॉइड न देता नुसते नलिका सैल करणारे दीर्घ परिणामाचे औषध देत राहणे धोक्याचे आहे. उलट, सीओपीडीच्या रुग्णाला फवाऱ्यातून स्टेरॉइड दिले तर त्याला न्यूमोनिया होण्याचा संभव वाढतो, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत दिसले. म्हणजे एका नावाने उपयोगी औषध हुकते, दुसऱ्या नावाने अपायकारक औषध पदरी पडते. नाव चुकले तर शिक्षा नाव ठेवणाऱ्याला होत नाही.

सुदैवाने अडगळीतला सूक्ष्मदर्शक पुन्हा बाहेर आला. इंग्लंडातल्याच लेस्टरच्या संशोधकांनी २००० मध्ये दाखविले की, सीओपीडीच्या ज्या रुग्णांच्या कफात इओसिन पेशी अधिक, त्यांना प्रेड्निसोलोनचा गुण येतो. अमेरिकेतील पाहणीवर आधारलेल्या २०१३ च्या एका अभ्यासात सीओपीडीच्या रुग्णांपैकी सुमारे चारांत एकाला ॲलर्जीचीही लक्षणे होती, आणि अशांना खोकला, छातीची घरघर व दुखणे बळावण्याचे प्रसंग इतरांहून अधिक होते. २०१४ मध्ये दम्याच्या व सीओपीडीच्या जागतिक मंडळांनी मिळून दोन्ही रोगांच्या सरमिसळीला एक स्वतंत्र नावही दिले. पण २०२० मध्ये सीओपीडीच्या मंडळाने ते सोडून दिले. त्याऐवजी २०१९ पासून त्यांच्या मार्गदर्शिकेत रक्तातल्या इओसिन पेशींचा आकडा आला : एका मायक्रोलिटरमध्ये ३०० किंवा अधिक असतील तर स्टेरॉइडचा फवारा उपयोगी पडण्याचा संभव जास्त, १०० हून कमी असतील तर फार थोडा. २०२३ मध्ये डुपिलुमॅब या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. ते मूळचे ॲलर्जीच्या विकारांतले औषध. ज्या सीओपीडीच्या रुग्णांच्या रक्तात ३०० हून अधिक इओसिन पेशी होत्या त्यांचे दुखणे बळावण्याचे प्रसंग त्याने सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले, आणि २०२४ मध्ये युरोप व अमेरिकेत त्याला या रोगासाठी मान्यता मिळाली. त्या चाचणीत दम्याचे रुग्ण मुद्दाम वगळले होते, हे विशेष. म्हणजे दमा हे नाव नसतानाही दम्याच्या जातीचा दाह काहींच्या छातीत असतो. ग्रोनिंगेनच्या प्रबंधानंतर साठ वर्षांनी त्यातला एक भाग औषधाच्या रूपाने रुग्णाच्या हाती पडला.

मग डच पक्ष जिंकला काय? तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. लंडनच्या पीटर बार्न्स यांनी २००६ मध्ये डच उपपत्तीविरुद्ध जे मुद्दे मांडले ते अजून वजनदार आहेत : दम्यातील आणि सीओपीडीतील दाहाच्या पेशी बहुतेक रुग्णांत वेगळ्या, नलिकेत होणारे फेरफार वेगळे, स्टेरॉइडला मिळणारा प्रतिसाद वेगळा. सीओपीडीच्या बहुसंख्य रुग्णांत ॲलर्जीचा भाग प्रमुख नसतो. चूक कोठे झाली असेल तर ती सगळ्यांना एकाच नियमात बसविण्यात. ओरी म्हणत, सर्व झाडे एका मुळाची. त्यांचे विरोधक म्हणत, झाडे निरनिराळी आणि त्यांमध्ये कुंपण. प्रत्यक्षात ते एक दाट रान आहे. त्यात काही झाडे एकेकटी वाढलेली, तर काहींची मुळे एकमेकांत गुंतलेली.

आणि आता फ्लॉयरच्या घोडीकडे वळू. घोड्यांना लागणाऱ्या या धापेला पशुवैद्यांनी अनेक वर्षे माणसाच्याच रोगाचे, सीओपीडीचे, नाव दिले होते. घोडा विडी ओढत नाही! तबेल्यातल्या बुरशी चढलेल्या गवताच्या धुळीने त्याची श्वासनलिका चिडते, आणि त्याला मोकळ्या कुरणात सोडले की पुष्कळदा आराम पडतो. म्हणून ते नाव काढून पशुवैद्य आता त्याला 'घोड्याचा दमा' म्हणतात. ती घोडी नेमकी कशाने आजारी होती ते आज कोणी ठरवू शकणार नाही. पण तीनशे वर्षे ज्या दुखण्याचे उदाहरण वातस्फीतीच्या इतिहासाच्या आरंभी दिले गेले, त्याच दुखण्याला शेवटी दम्याच्या घरात जागा मिळाली, यावरून नावांवर किती विसंबावे याचा बोध घेता येईल.

आपल्या देशाचा या कथेशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ मध्ये फुप्फुसाच्या जुनाट विकारातून होणाऱ्या हृद्रोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सिगारेट न ओढणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी होती, आणि त्यांनी बोट दाखविले ते चुलीच्या धुराकडे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी बार्न्स यांच्यासमवेत २००९ मध्ये लिहिलेल्या लेखात, जगातील सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते असा अंदाज दिला आहे. लंडनच्या कामगारांवरून काढलेले नियम शेणी-लाकडांच्या धुरात आयुष्य घालविलेल्या आजीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. शिवाय २०१५ च्या एका अभ्यासात असे दिसले की, सीओपीडी झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा श्वास तरुणपणीच अपुरा होता. तो नंतर झपाट्याने घटला असे नव्हे, तो मुळात पुरता वाढलाच नव्हता. जमीन बाळपणीच घडते. ज्या घरात मूल आईच्या मांडीवर बसून चुलीचा धूर घेते, त्या घरात बी आणि जमीन यांची फारकत कशी करायची?

या साऱ्या इतिहासावरून मला जे म्हणायचे आहे ते थोडक्यात असे. धूर विझविणे हे पहिले कर्तव्य, त्याला कोणताही सिद्धांत पर्याय होऊ शकत नाही. 'माझी प्रकृती दणकट आहे' असे म्हणून विडी पेटविणाऱ्याला ओरींचा प्रबंध आधार देत नाही, कारण आपण प्रवण आहोत की नाही हे पुष्कळांना श्वास गमावल्यावरच कळते. पण त्याचबरोबर, 'सिगारेटीची छाती' असा शिक्का मारून रुग्णाला परत पाठविणेही अन्यायाचे आहे. लहानपणी छाती वाजत होती काय, घरात कोणाला दमा आहे काय, ऋतू बदलताना शिंका येतात काय, हे त्याला विचारले पाहिजे, त्याचा श्वास यंत्रावर मोजला पाहिजे आणि रक्तातल्या त्या लाल रंगणाऱ्या पेशी पाहिल्या पाहिजेत. या प्रश्नांना खर्च नाही, आणि रक्ताच्या त्या तपासणीला फारसा नाही.

कठड्याला धरून थांबलेल्या माणसाला बी आणि जमीन यांचा वाद ठाऊक नसतो. त्याला पुढचा जिना चढायचा असतो. विद्वानांच्या साठ वर्षांच्या वादातून त्याला चार पायऱ्या अधिक चढता आल्या, तर तो वाद फुकट गेला असे मी म्हणणार नाही. मात्र त्या पायऱ्या त्याला पुष्कळ आधी चढता आल्या असत्या, हेही विसरून चालणार नाही.